सत्तावन्न किलो

कराडचं रेल्वे स्टेशन कराडात नाही, ओगलेवाडीला आहे. प्रभाकर कंदील बनवणारा ओगल्यांचा काचकारखाना जिथे होता, तिथे. २०२४ च्या ऑगस्टमधल्या एका दुपारी कोयना एक्स्प्रेसमधून मी तिथे उतरलो, तेव्हा छत्री उघडावी की न उघडावी अशा बेताचा पाऊस होता. बाहेरच्या रिक्षावाल्याला गोळेश्वर म्हणालो, तर तो म्हणाला, "खाशाबांच्या घराकडं न्हवं? बसा." भाडं त्याने गाव जवळ आल्यावर सांगितलं, आणि ते जरा जास्तच होतं.

हेलसिंकी ऑलिंपिकचं ब्राँझपदक घेऊन खाशाबा दादासाहेब जाधव १९५२ साली याच स्टेशनावर उतरले होते. त्यांना गावी न्यायला १५१ बैलगाड्या आल्या होत्या. एरवी पाव तासाची वाट, त्या दिवशी सात तास लागले असं सांगतात. मधे हार, ढोल, लेझीम, गुलाल, आणि पुढच्या बैलाला वाट देत नाही असं माणसांचं रान. आता त्या वाटेवर मंगल कार्यालयं आहेत, खतांची दुकानं आहेत, शोरूम आहेत. रिक्षा मात्र पाव तासाहून जास्त वेळ घेते.

मी निघालो होतो त्याला कारण होतं वर्तमानपत्रांचं. १ ऑगस्टला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं. महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक ७२ वर्षांनी मिळालं, म्हणून त्याच्या प्रत्येक बातमीत खालच्या बाजूला खाशाबा आले. आले ते दोन वाक्यांत. एक, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक यांचं. दोन, यांना पद्म पुरस्कार मिळाला नाही. दरवेळी तीच दोन वाक्यं, तोच फोटो. आठवडाभर ती वाचून मी वैतागलो. एवढ्या मोठ्या माणसाचं आपण पदक आणि गाऱ्हाणं यांपलीकडे काहीच ठेवलं नसेल तर तो दोष सरकारचा म्हणता यायचा नाही. म्हटलं, गोळेश्वरपासून कोल्हापूरपर्यंत जावं, त्यांचा काय वारसा राहिला आहे तो पाहावा.

गोळेश्वरात त्यांचं घर आहे, 'ऑलिंपिक निवास'. मी घरात गेलो नाही. पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी घरच्यांना त्रास द्यावा असं वाटलं नाही. १४ ऑगस्ट १९८४ ला कराडजवळ रस्त्यावरच्या अपघातात खाशाबा गेले, त्याला दुसऱ्या दिवशी ४० वर्षं होत होती. देवळाच्या पारावर दोन म्हातारे बसले होते. एकाने मला 'पेपरवाले' ठरवून टाकलं आणि मी काही विचारायच्या आतच पद्मश्रीपासून सुरुवात केली. मग कुस्ती संकुल. गावात त्यांच्या नावाचं संकुल व्हावं ही मागणी इतकी जुनी आहे की २०१७ साली कुटुंबाने वैतागून पदकच लिलावात काढायची भाषा केली होती. सगळं खरं. पण मी विचारलं, "बाबा, तुम्ही त्यांची कुस्ती पाहिली होती का?"

दुसरा म्हातारा, जो तोवर गप्प होता, तो म्हणाला, "पायली म्हंजे? ढाक मारायचा. समोरच्याला कळायचंच न्हाई कवा उचलला. एवढासा तर गडी."

"एवढासा म्हणजे?"

त्याने हात आपल्या खांद्याच्या जरा वर धरला. "हितपातूर."

साडेपाच फुटांचा माणूस. लंडनला १९४८ साली फ्लायवेटमध्ये, म्हणजे ५२ किलोत. हेलसिंकीला बँटमवेटमध्ये, ५७ किलोत. या आकड्याकडे मी तोवर कधी नीट पाहिलंच नव्हतं. तो पुढे प्रवासभर माझ्याबरोबर राहिला.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, पाच भावांत खाशाबा धाकटे. टिळक हायस्कुलातलं शिक्षण कराडला झालं, आणि पुढे कोल्हापूरला राजाराम कॉलेज. त्या काळी सातारा जिल्ह्यातल्या पोराला कुस्ती करायची तर त्याला कोल्हापूर गाठावंच लागे. कॉलेज हे घरच्यांना सांगायला एक सोयीचं कारण असे. खाशाबांच्या बाबतीत दोन्ही खरं होतं. त्यांनी अभ्यासही केला आणि बाबुराव बलावडे, बेलापुरी गुरुजी यांच्या हाताखाली मेहनतही. १९४८ साली लंडनला जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. गादीवर, म्हणजे मॅटवर, खेळायची त्यांची ती पहिलीच मोठी वेळ. लाल मातीत पाय रुततो, पकड सावकाश बसते, कुस्ती लांबते. गादीवर पाय सटकतो, गुण मोजले जातात, घड्याळ चालू असतं. अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी त्यांना तिथे गादीचं तंत्र शिकवलं. तेवढ्या शिदोरीवर ऑस्ट्रेलियाचा बर्ट हॅरिस आणि अमेरिकेचा बिली जर्निगन यांना हरवून ते सहावे आले. इराणच्या मन्सूर रईसीने त्यांना अडवलं.

सहावा आलेला माणूस परत येतो आणि ठरवतो की चार वर्षांनी वरच्या वजनात उतरायचं. मला वाटतं खाशाबा इथे कळतात. हार झाली तेव्हा आपल्याला काय येत नाही याची त्यांनी यादी केली, आणि ती यादी मातीत राहून पुरी होणारी नव्हती हे त्यांना कळलं होतं.

कराडहून कोल्हापूरला मी एसटीने गेलो. पंच्याहत्तरेक किलोमीटरचा रस्ता, पण महामार्गाचं सहापदरीकरण चालू असल्याने दर दोन-चार किलोमीटरला गाडी सर्व्हिस रोडवर उतरायची आणि खड्ड्यांतून परत वर चढायची. पेठ नाका, मग वारणेचा पूल, किणीचा टोलनाका. दोन्ही बाजूंना ऊस पुरुषभर उंच. शेजारी बसलेले गृहस्थ साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यांनी मला गेल्या महिन्याच्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते खिडकीतून दाखवलं, आणि मी खाशाबांसाठी चाललोय कळल्यावर म्हणाले, "त्यांना मोरारजींनी पैसे दिले नाहीत, माहीत आहे ना?"

माहीत होतं. हा किस्सा आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतो. पण त्यामागचं गणित फारसं कुणी मांडत नाही. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १९४८ साली ज्या तिजोरीतून खाशाबांचं लंडन झालं, ती तिजोरी १९५२ साली उरलीच नव्हती. तिच्या जागी जे नवं सरकार आलं त्याला अजून कुस्तीसाठी पैसे द्यायची सवय नव्हती. मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे चार हजार मागितले तर स्पर्धा झाल्यावर भेटा असं उत्तर आल्याचं सांगतात. मोरारजींचा स्वभाव पाहता त्यात नवल नाही. त्याआधी मद्रासच्या निवड स्पर्धेत खाशाबांना एक गुण कमी देऊन डावललं, तेव्हा त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली होती, आणि पुन्हा लावलेल्या कुस्तीत कलकत्त्याच्या निरंजन दास यांना पाठीवर पाडलं होतं. म्हणजे न्याय मागायलाही अजून एका राजाकडेच जावं लागलं! राजे गेले होते, लोकशाहीचं खातं अजून उघडायचं होतं. त्या मधल्या फटीत राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. बाकीचे गोळेश्वर, कराड आणि आसपासच्या लोकांनी वर्गणीतून. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचं घर सोडवलं. पदकाच्या गोष्टीतला हा भाग मला पदकाइतकाच मोठा वाटतो. कर्ज घेऊन ऑलिंपिकला गेलेला आणि ते फेडणारा खेळाडू.

शिरोली मागे पडली, पंचगंगेच्या पुलावर गाडी सावकाश झाली, नदी गढूळ आणि अजून भरलेली होती. तावडे हॉटेलच्या कमानीखालून आत शिरलो तर जिकडेतिकडे स्वप्नीलचे फलक. रायफल, तिरंगा, आणि खाली नगरसेवक होऊ इच्छिणाऱ्या अर्धा डझन चेहऱ्यांच्या रांगा. एका फलकावर कोपऱ्यात खाशाबांचा फोटोही होता, नेहमीचा, काळा-पांढरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी भवानी मंडपातून चालत खासबागेकडे निघालो. मंडपाला लागूनच ती दगडी गॉथिक वास्तू, जिथे १८८० साली राजाराम कॉलेज सुरू झालं. आज तिथे शाळा आहे. कॉलेज विद्यापीठाच्या बाजूला गेलं. पुढे वळलो आणि थांबलो. ८ ऑगस्टच्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं होतं. दगडी भिंती उभ्या, वर छप्पर नाही, आतून भिजलेल्या कोळशाचा वास. रस्त्यावरून जाणारी माणसं क्षणभर थबकत, मान हलवत आणि पुढे जात. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवराव भोसल्यांची जयंती होती.

नाट्यगृह आणि मैदान ही जुळी भावंडं. १९०२ साली शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाला इंग्लंडला गेले, वाटेत रोमचं कलोसियम पाहिलं, आणि तसं काही आपल्या गावात हवं असं त्यांच्या मनाने घेतलं. खासबाग मैदान १९१२ साली उभं राहिलं, नाट्यगृह १९१५ साली. एकाची पाठ दुसऱ्याला लागून. आगीची झळ मैदानाच्या बाजूच्या व्यासपीठालाही बसली होती. पण मैदान तसंच होतं. मधोमध हौदा, आणि भोवती चहूबाजूंनी उतरत आलेली बैठक. तीस हजारांवर माणूस बसतं, आणि कुठेही बसा, समोरच्याचं डोकं आड येत नाही. खड्ड्यासारखी ही रचना इतकी साधी आहे की तिच्यामागे किती विचार असेल ते बसल्यावरच लक्षात येतं. मी एका कडेला बसलो. खाली दोन शाळकरी पोरं गणवेशात एकमेकांचा पट काढत होती. दप्तरं हौद्याच्या कट्ट्यावर.

मी हेलसिंकीचा तो आठवडा मनातल्या मनात तिथे मांडला. पहिली कुस्ती कॅनडाच्या पोलिकँशी, चीत. दुसरी मेक्सिकोच्या बासुर्तोशी, चीत. तिसरी जर्मनीच्या श्मिट्झशी, २-१ ने. मग जपानचा शोहाची इशी. पंधरा मिनिटांची दमछाक, आणि हार. त्या कुस्तीनंतर अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी पुकारा झाला. भारतीय पथकाचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. नियमाकडे बोट दाखवायला कुणी नाही, आणि खाशाबांना ते भांडण परक्या भाषेत करता येण्यासारखं नव्हतं. ते उतरले आणि हरले. इशीला सोनं, मम्मदबेयोवला चांदी, खाशाबांना ब्राँझ. तारीख २३ जुलै १९५२.

त्याच आठवड्यात, त्याच सभागृहात, कोल्हापूरचाच दुसरा एक पैलवान लढत होता. केशव माणगावे, फेदरवेट, ६२ किलो. अमेरिकेच्या जोसाया हेन्सनने ब्राँझ नेलं आणि माणगावे चौथे आले. चौथे! म्हणजे एका ऑलिंपिकमध्ये, लागून असलेल्या दोन वजनगटांत, एकाच गावाच्या तालमींतून आलेले दोन मल्ल तिसरे आणि चौथे. आजचं कुठलंही शहर अशा निकालावर पंचवीस वर्षं फलक लावेल. माणगाव्यांचं नाव मी खासबागेत, भवानी मंडपात, एसटी स्टँडवर भेटलेल्या माणसांना विचारलं. एका चहावाल्याने, "कोण, ते गडहिंग्लजचे वकील?" असं विचारलं. तेवढंच.

आणि त्याच्याही मागे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला डेक्कन जिमखान्याच्या पुढाकाराने आणि सर दोराबजी टाटांच्या पैशांवर भारताचं पथक गेलं, त्यात दोन मल्ल होते. त्यांतले रणधीर शिंदे फेदरवेटमध्ये चौथे आले होते. १९२० आणि १९५२, दोन्ही वेळा हलकी वजनं. आपण समजतो तसं खाशाबांचं पदक हा आभाळातून पडलेला चमत्कार नव्हता. मराठी मातीत हलक्या वजनाचा, चपळ, डावपेची पैलवान तयार होत होता, आणि जगात त्याला जागा होती.

मग तो गेला कुठे?

याचं उत्तर मला मोतीबाग तालमीत मिळालं, अगदी सहज. दुपारची वेळ, मेहनत अजून सुरू व्हायची होती. हौद्यातली माती ओली, गडद तांबडी. ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मळलेल्या मातीचा तो वास एकदा नाकात बसला की दिवसभर जात नाही. भिंतीवर हिंदकेसरी गणपतराव आंदळकर. इथेच त्यांनी पुढे पोरं घडवली. एक पोरगा थंडाईसाठी बदाम घोटत बसला होता. माढ्याकडचा. घरी कोरडवाहू तीन एकर, बाप दर महिन्याला खुराकाचे पैसे पाठवतो. मी वजन विचारलं.

"एकसष्ट, काका."

"मग कोणत्या गटात खेळणार?"

"आता खेळतो ह्याच्यात. पण वाढवायचंय. वस्ताद म्हणत्यात पंचाऐंशीपतुर नेऊ दोन वर्सांत."

"कशाला?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की हा माणूस कुठून आला. "महाराष्ट्र केसरी खेळायची तर मग?"

त्याचं बरोबर होतं. महाराष्ट्र केसरीची गदा खुल्या, अवजड गटाची. २०२३ साली पुण्याला विजेत्याला गदेबरोबर थार गाडी मिळाली. जत्रेच्या मैदानात एक नंबरची कुस्ती नेहमी अवजड पैलवानांची. तिला लाखांचं इनाम, तिच्यासाठी पोस्टरवर मोठे फोटो. ५७ किलोवाल्याची जोड कुठेतरी मधे लागते, पाचशे-हजाराच्या इनामावर, लोक चहाला उठतात तेव्हा. पोराने वजन वाढवायचं ठरवलं तर तो शहाणपणाच करतोय.

कोल्हापूरला मोठा पैलवान आवडतो. माणसाची उंची, मान, दंड बघून टाळी पडते. १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले श्रीपती खंचनाळे, १९६० ला आंदळकर, १९६४ ला मारुती माने. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत माने आणि आंदळकर या दोघांनीही सुवर्ण आणलं. ही माणसं मोठी होती, शब्दशः आणि कर्तृत्वानेही. त्यांच्या सावलीत ५७ किलोचा खाशाबा मुंबई पोलिसांत फौजदार म्हणून नोकरी करत होता. १९५५ ला लागले, गुडघा दुखावला आणि मेलबर्न ऑलिंपिक हुकलं, वर्षानुवर्षं त्याच हुद्द्यावर राहिले, सहायक पोलीस आयुक्त म्हणून १९८३ साली निवृत्त झाले. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार आणि केंद्राचा अर्जुन, दोन्ही मरणानंतर. सरकारने त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं हे आपण म्हणतो; पण कुस्तीच्या गावानेही त्यांना आपला नमुना मानलं नाही. त्यांच्यासारखं व्हावं असं तालमीतल्या पोराला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असेल तर पोवाड्यापुरतं.

अशी उपेक्षा फक्त आपल्याकडेच होते असंही नाही. वेल्समधल्या पाँटिप्रिड या कोळशाच्या गावचा फ्रेडी वेल्श १९१४ साली लंडनमध्ये विली रिचीला हरवून लाइटवेटचा जगज्जेता झाला, तीन वर्षं तो मुकुट सांभाळला, आणि १९२७ साली न्यूयॉर्कमध्ये कंगाल होऊन मेला. त्या काळच्या मुष्टियोद्ध्यांची नावं विचारली तर लोकांना जॅक जॉन्सन आणि जॅक डेम्पसी आठवतात, दोघेही हेवीवेट. हलक्या वजनाच्या माणसाचं कसब बारीक असतं, ते बघायला बघणाराही जाणता लागतो.

पण जाणते असतात. खाशाबांना हरवणाऱ्या इशीचंच घ्या. तो मुळात ज्युदोचा माणूस. युद्धानंतर अमेरिकनांनी ज्युदोवर बंदी आणली म्हणून कुस्तीकडे वळला. हेलसिंकीत जपानला मिळालेलं एकुलतं एक सुवर्ण त्याचं. त्या एका पदकावर जपान्यांनी पुढची बारा वर्षं काम केलं, हलकी वजनं हे आपलं क्षेत्र असं ठरवून. १९६४ च्या टोकियोत त्यांनी कुस्तीत पाच सुवर्णं घेतली, पाचही हलक्या गटांतली, आणि त्यांतली दोन ५७ किलोत. त्याच टोकियोत आपले आंदळकर अवजड गटात उतरले होते. एका सामन्यातून दोन देश निघाले. जिंकलेल्याने वाट धरली, हरलेल्याने मिरवणूक काढली. मला ही तुलना करायला आवडत नाही, पण ती केल्याशिवाय खाशाबांच्या वारशाचं मोजमाप होत नाही.

भारतात ती वाट धरली दिल्लीने. तिथले पैलवान सतपाल यांचं नाव कोल्हापुरात अजून दबक्या आवाजात घेतात. कोल्हापूरच्या युवराज पाटलांशी खासबागेत झालेली त्यांची लढत पाहिलेली माणसं तिचा तास न् तास वृत्तांत सांगतात. तेच सतपाल पुढे छत्रसाल स्टेडियममध्ये गुरू झाले. तिथे गाद्या पसरल्या आणि वजनगट धरून पोरं तयार केली. २००८ ला सुशीलकुमार, ब्राँझ. खाशाबांनंतर कुस्तीतलं पहिलं भारतीय पदक, ५६ वर्षांनी. अलीकडच्या टोकियोला रवी दहिया, चांदी, वजन ५७ किलो. आणि स्वप्नीलनंतर आठ दिवसांनी, ९ ऑगस्टला पॅरिसमध्ये अमन सेहरावत, ब्राँझ, वजन ५७ किलो. मोतीबागेतल्या पोराच्या मोबाइलवर अमनची कुस्ती होती. तो ती मला दाखवत म्हणाला, "काय शिंगल पट काढतोय बघा." मी त्याला सांगितलं की या वजनात भारताचं पहिलं पदक तुझ्या या गावातून गेलेल्या माणसाने आणलं होतं. त्याला खाशाबा माहीत होते, वजन माहीत नव्हतं. "सत्तावन?" म्हणाला. "मला वाटलं शंभरीचे असतील."

त्याचा दोष नाही. पुतळे आणि फलक वजन लिहीत नाहीत.

हिशेबाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गादी आता कोल्हापुरातही आहे. महाराष्ट्र केसरीत मातीबरोबर गादी विभाग असतो. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला २०१० मध्ये खाशाबांचं नाव दिलं गेलं, १५ जानेवारी हा राज्याचा क्रीडा दिन झाला, नागराज मंजुळे यांनी त्यांच्यावर चित्रपट करायला घेतला. कोल्हापूरनेही ऑलिंपिकचा नाद सोडलेला नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, वीरधवल खाडे आणि आता स्वप्नील. यांतला एकही पैलवान नाही हे मात्र जाता जाता ध्यानात घ्यावं. नेमबाजीत आणि पोहण्यात अंगापिंडाचा रुबाब कुणी बघत नाही. निशाणा आणि वेळ बघतात.

संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेलो. म्हशी बांधलेल्या, समोर धार काढून देतात, फेसासकट ग्लास हातात. बाजूला गंगावेस तालमीतली पोरं उभ्याने पीत होती. मीही एक ग्लास प्यायलो आणि रात्री पोटाने त्याची दखल घेतली. शहरी माणसाने धारोष्ण दुधाच्या वाटेला जाऊ नये. तिथल्या एका वयस्क वस्तादांना मी मनातली गोष्ट सांगितली. म्हणालो, हलक्या वजनाच्या पोरांना इथे किंमत नाही. ते रागावले नाहीत. म्हणाले, "पावनं, किंमत मैदान देतं. मैदानात पैसा कोन टाकतं? बघनारा. बघनारा कवा येतो? सातला. बारक्यांच्या कुस्त्या तीनला सुरू होत्यात. तवा हितं कुत्रं नसतंय."

मला त्यांचं म्हणणं पटलं आणि आजही पटतं. पद्म पुरस्काराचं पत्र ज्यांना लिहायचं त्यांनी अवश्य लिहावं. तो खाशाबांचा हक्क आहे. राजाराम कॉलेजच्या किंवा खासबागेच्या एखाद्या भिंतीवर खाशाबांच्या शेजारी केशव माणगाव्यांचं नाव कोरायला फार खर्च येणार नाही, तेही कुणीतरी मनावर घ्यावं, आणि कोरताना दोघांच्या नावापुढे वजन जरूर लिहावं. पण वाचकाच्या हातात एक गोष्ट याहून सोपी आहे. दिवाळीनंतर जत्रा सुरू होतील, खासबागेत आणि गावोगाव मैदानं भरतील. एक नंबरच्या कुस्तीची वाट पाहत घरी बसू नका. दुपारी तीनला जा, पुढच्या रांगेत बसा, आणि पन्नास-साठ किलोच्या एखाद्या पोराने ढाक मारली तर खिशातली नोट त्याच्या नावाने पुकारा.